म्हशीच्या तोंडात घातलेला हात

कवठे येमाई
ता. ४ नोव्हेंबर १९५८

इब्राहिम,

तुझा पत्ता तुझ्या अब्बांकडनं घेतला. ते म्हणाले, दौंडला हाय असं ऐकतो, पण पत्र पोचंपर्यंत तिथं असंल का ते अल्लाला ठाऊक. म्हणून थोडक्यात लिहितो.

आमची म्हैस गेली. तू जिचं दूध चोरून प्यायचास ती न्हवं, तिची पोर. दुसऱ्या वेताची, दुभती. गणपतीच्या पुढंमागं गोठ्यात कोल्हा शिरला होता, तिची नाकपुडी फाडली होती. हळद भरली, बरं झालं. ते काही न्हाई. आत्ता मधी रताळ्याच्या ढिगात तोंड घातलं आन् घशात रताळं अडकलं. तोंडातनं लाळेच्या तारा, हंबरली तर आवाज घोगरा, गिळता काही येईना. घशात हात घालून बघितलं, काही लागलं न्हाई. लई आत गेलं असंल. मग मागचे पाय लुळे पडले आन् गेली.

सरूला पाचवा महिना हाय. मागचे दोन राहिले न्हाईत ते तुला म्हाईतच हाय. यंदा टिकंल असं सगळ्या बाया म्हणतात. तिला दूध पाहिजे आन् नेमकी म्हैस गेली. आई दिवसभर डोळ्याला पदर लावून बसती. तिकडच्या बाजारात म्हशी कशा हायत ते कळव. कळव म्हंजी खरंच कळव, मधी कुठं जाऊ नको.

मच्छिंद्र


दौंड
ता. ९ नोव्हेंबर १९५८

मच्छिंद्रा,

अब्बांना सांग, पत्र पोचलं आणि मी इथंच होतो. म्हशीचं वाचून वाईट वाटलं. तिच्या आईचं दूध मी कधी प्यायलो होतो, तू अजून धरून बसला आहेस.

बाजार बघून कळवतो, पण आधी माझी नोकरी ऐक. मी कुत्री धरतो. हसू नको. इथल्या गुरांच्या दवाखान्यात आनंदराव म्हणून डॉक्टर आहेत. रेल्वे कॉलनीमागं एक रिकामी शेड आहे, तिथं ते रविवारच्या रविवारी कुत्र्यांना लस टोचतात, पिसाळू नयेत म्हणून. फुकट. गार्डसाहेबांची कुत्री साखळीला बांधून येतात, त्यांना बिस्कीट दाखवलं की झालं. स्टेशनावरची बेवारशी मात्र मला पोतं घेऊन धरावी लागतात. टोचलेल्याच्या पाठीवर लाल रंगाचा ठिपका देतो, म्हणजे परत तेच पोत्यात येत नाही. आणि ही कुत्री गाड्यांच्या वेळा पाळतात, खोटं नाही. एक लंगडी कुत्री आहे, ती फक्त मद्रासच्या गाडीला फलाटावर येते, कारण त्या गाडीतली माणसं भात टाकतात. चपातीच्या गाडीला डोळासुद्धा उघडत नाही. तिच्या मागं मागं मी एकदा भीमेच्या पुलापर्यंत गेलो आणि पूल बघत संध्याकाळ केली. डॉक्टर म्हणाले, "इब्राहिम, तुला धरायला आता कुणाला ठेवू?"

हां, तर गेल्या रविवारचं सांगायचं होतं. एका हमालाच्या बायकोनं कुत्रं आणलं. खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. बाई म्हणाली, दाढेत हाडूक अडकलंय, काढा. मी बाही वर केली आणि हात घालणार तोच डॉक्टरांनी माझ्या मनगटावर काठीचा असा फटका दिला की अजून निळं आहे. मी म्हणालो, अहो, मुक्या जिवाला त्रास होतोय. ते म्हणाले, "आत हाडूक नाही. त्याचा घसाच गेलाय. हेही पिसाळणंच आहे. हे चावत नाही, नुसतं अडकल्यासारखं दिसतं, आणि माणसं दया येऊन हात घालतात." त्या बाईला त्यांनी आधी माणसांच्या दवाखान्यात पिटाळलं. कुत्रं पुढं दोन दिवसांत मेलं. पिसाळलेलं म्हणजे अंगावर धावून येणारं, एवढंच मी समजत होतो. हे तर माझ्याकडं बघून शेपूट हलवत होतं रे.

तर बाजाराचं असं आहे की गावरान म्हशी पुष्कळ येतात, पण

इथं चहाला उठलो होतो. चहा तसाच टाकून आलो. मच्छिंद्र, मी तुझं पत्र परत काढून वाचलं. लाळ. घोगरा आवाज. गिळता येईना. मागचे पाय. आणि तो कोल्हा, ज्याला तू "ते काही न्हाई" म्हणालास.

पत्र घेऊन डॉक्टरांकडं पळालो. जेवत होते, तसेच उष्ट्या हातानं उठले. म्हणाले, कोल्हा पिसाळलेला असणार. जनावराच्या अंगात तो रोग महिनाभरसुद्धा दबून राहतो आणि मग वर येतो. ज्याचा हात म्हशीच्या तोंडात गेला, ज्याच्या जखमेला लाळ लागली, त्यानं आजच्या आज शिरूरच्या सरकारी दवाखान्यात जायचं. पोटात चौदा सुया, रोज एक. रोग माणसात एकदा वर आला की त्यावर औषध नाही. कुणाकडंच नाही.

हात कुणी घातला? तू, का आणखी कुणी? हे वाचलं की पत्र खाली ठेव आणि निघ. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

इब्राहिम


शिरूर
ता. १४ नोव्हेंबर १९५८

इब्राहिम,

तुझं पत्र नेहमीप्रमाणं ओट्यावर मोठ्यानं वाचलं. तू लांबण लावतोस म्हणून आळी ऐकायला बसती. मद्रासच्या कुत्रीला सगळे हसले. भिमाजीतात्या म्हणाले, पिंजाऱ्याचं पोरगं गावभर भटकायचं, शेवटी नोकरीबी भटक्यांचीच मिळाली. मी वाचत गेलो आन् हसणं बंद झालं. चहापर्यंत आलो तवा माझाच आवाज मला ऐकू येत होता.

मग जो तो म्हणायला लागला, आम्ही त्या म्हशीचं दूध प्यालो. तानुबाईनं पोराच्या घशात बोटं घालून त्याला ओकायला लावलं. दूध कवा प्यालेलं आन् ओकतोय कवा. सकाळच्या एसटीत निम्मी आळी चढली. कंडक्टर विचारतो, लग्न कुणाचं हाय? 

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तापवलेल्या दुधाला भ्यायचं कारण न्हाई, हात कुणी घातला तेवढं सांगा. आई माझ्या बाजूला उभी होती. मी म्हणालो, मी.

बाकीच्यांना घरी पाठवलं. मला रोज सुई. बेंबीच्या बाजूला टोचतात, गाठ येती, रात्री कूस बदलता येत न्हाई. पण घेतोय. सरूला आणलं न्हवतं, तिला एसटीचे हिसके नकोत. ती बरी हाय. काळजी करू नको. पुढचं पत्र ओट्यावर वाचण्याजोगं लिही.

मच्छिंद्र


दौंड
ता. १८ नोव्हेंबर १९५८

मच्छिंद्रा,

सुया चालू झाल्याचं फलाटावरच वाचलं. तुला काय सांगू, हे चार दिवस मी कुत्र्यांना हात लावताना माझेच हात बघत होतो. कुठं खरचटलंय, कुठं नख लागलंय. पोटऱ्यांवर जुने ओरखडे आहेत, ते कुत्र्याचे का बाभळीचे ते आठवेना. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी माझे हात साबणानं धुऊन घेतले आणि एकेक ओरखडा बघितला.

एकही दिवस चुकवू नको. घरात काकू नको म्हणाल्या तरी आणि सुगी आली तरी.

एक गार्ड मला त्याच्या डब्यातून मनमाडला नेतो म्हणाला आहे. जीव जरा थाऱ्यावर आलाय म्हणून जातो. परत आलो की म्हशीचं बघतो.

इब्राहिम


कवठे येमाई
ता. २१ नोव्हेंबर १९५८

इब्राहिमभाऊजींना सरूचा नमस्कार.

मी तुम्हाला लिहिते आहे हे घरात माहीत नाही. चौथीपर्यंत शिकले आहे, चुकलं तर समजून घ्या. तानुबाई पत्र पेटीत टाकणार आहे.

हात माझा होता.

गोठ्यात आम्ही तिघंच होतो. ह्यांनी जबडा धरला, आईंनी शिंगं. ह्यांचा पंजा मोठा, तो आत जाईना. आई म्हणाल्या, सरूचा हात बारीक आहे, ती घालील. मी बांगड्या काढायला लागले तर त्या म्हणाल्या, पोटुशीनं हात मोकळे करायचे नसतात, आधीच दोनदा फसलंय. म्हणून चुड्यासकट कोपरापर्यंत हात घातला. म्हशीनं मान झटकली आणि आतच दोन बांगड्या वाढल्या. मनगटाला काच लागली, रक्त आलं, त्यावर सगळी लाळ. मी पदराला पुसलं. बांगड्या वाढल्या म्हणून आई रडायला लागल्या. कासाराला बोलावून दुसऱ्या भरल्या. जखमेकडं कुणी बघितलं नाही, मीही नाही.

तुमचं पत्र ओट्यावर वाचत होते तेव्हा मी आत पीठ मळत होते. "ज्याचा हात म्हशीच्या तोंडात गेला" हे ऐकलं तेव्हा तोच हात परातीत होता.

आई म्हणतात, पोटात चौदा सुया टोचल्यावर लेकरू राहील का, आधीची दोन तर बिनसुईची गेली. हे कुणाला सांगायचं नाही म्हणून त्यांनी ह्यांना माझी शपथ घातली आहे. मला डोंगराकडच्या एका म्हाताऱ्याची मुळी उगाळून देतात. हे रोज शिरूरला जाऊन सुई घेतात, येतात, आणि माझ्याशी बोलत नाहीत. मनगटाकडं बघतात.

जखम भरली आहे. पण कधी कधी तिथं मुंग्या आल्यासारखं होतं. चोळलं की थांबतं. खरंच होतं का भीतीनं, ते मला कळत नाही.

तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, पोटुशी बाईला ती सुई चालते का. चालत नसेल तर मला लिहू नका.

सरू


शिरूर, एसटी स्टँड
ता. १ डिसेंबर १९५८, सकाळ

मच्छिंद्र,

हे मोठ्यानं वाचू नको. ओट्यावर तर नाहीच. गोठ्यात जा आणि एकटा वाच.

वहिनीनं मला लिहिलं होतं. मी मनमाडला गेलो, तिथून पुढं कुठं कुठं गेलो, आणि तिचं पत्र डॉक्टरांच्या टेबलावर पडून राहिलं. काल ते उघडलं. डॉक्टरांना तोंडानं सांगता येईना, म्हणून पत्रच पुढं केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पोटुशीलाही सुई देतात. तिचा त्रास होतो, ताप येतो, कुणाला फार होतो, ते मी लपवत नाही. पण रोग झाला तर आई राहत नाही, मग पोटातलं कुठं राहणार?"

उशीर झालाय. किती, ते कुणाला सांगता येत नाही. जखम मनगटाला आहे, पायाला असती तर एक वेळ जास्त सवड होती, हातावरून रोग लवकर डोक्यात चढतो म्हणतात. आज ती भाकरी थापत असेल, हसत असेल, म्हणून फसू नको.

मीच एसटीत बसणार होतो. पाय पायरीवर ठेवला होता. पण मी दारात दिसलो की काकू म्हणणार, पिंजाऱ्याचं पोरगं आमचं घर मोडायला आलं, आणि तू मान खाली घालून बसणार. म्हणून हे कंडक्टरच्या हाती देतो. परतीच्या गाडीला त्याच्याच हाती उत्तर दे. मी दवाखान्यात जाऊन आलो, लस आहे, तिच्यासाठी ठेवायला सांगितली आहे. मी इथून हलत नाही. या वेळी खरंच हलत नाही.

इब्राहिम


कवठे येमाई
ता. १ डिसेंबर, परतीच्या गाडीनं

इब्राहिम,

गोठ्यातच बसून लिहितो. आई उंबऱ्यात बसली हाय. मला बघितल्यावरच तिनं ओळखलं.

सगळं खरं हाय. दवाखान्यात मी "मी" म्हणालो तवा मनात असं आलं की सुया मी घेतल्या तर तिच्यावरचं माझ्यावर येईल. येडेपणा हाय, कळतं. पण रोज सुई आत जाताना मी तेच म्हणायचो, ही तिची, ही तिची. चौदा झाल्या. पंधराव्या दिवशी घरी राहिलो, तिच्याकडं बघितलं, आन् कळलं, तिला एकबी मिळाली न्हाई.

सुई दिली तर लेकरू जाईल, न दिली तर दोघं. मी कुठं बघू? तू नुसतं एवढं लिही, लेकरू जाईल का? हो का न्हाई. बाकी काही लिहू नको.

मच्छिंद्र


शिरूर
ता. २ डिसेंबर, पहिल्या गाडीनं

मच्छिंद्र,

हो का नाही मला माहीत नाही. इथल्या डॉक्टरांना विचारलं, तेही शब्द देत नाहीत. खोटं लिहून तुला एसटीत बसवू शकलो असतो, बसवत नाही.

काकूंना घरी ठेवू नको, बरोबर आण. त्यांना जे विचारायचं ते त्यांनीच नर्सबाईला विचारू दे. ही गाडी परत येईल तेव्हा मी दाराशी उभा असेन. तुम्ही तिघं उतरला नाहीत तर मी चढेन, मग काकू ओट्यावर काय म्हणायचं ते म्हणोत.

इब्राहिम


कवठे येमाई
ता. २० जानेवारी १९५९

इब्राहिमभाऊजींना सरूचा नमस्कार.

आता हे पत्र चोरून नाही. आई समोर तूर पाखडत बसल्या आहेत आणि विचारतात, काय काय लिहिलंस गं.

पहिल्या दिवशी पडद्याआड काय झालं ते तुम्हाला बाहेर कळलं नसेल. आईंनी नर्सबाईचा हात धरून ठेवला, सुईच घेऊ देईनात. म्हणाल्या, लेकराच्या कुठं टोचणार ते आधी मला दाखव. नर्सबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आईंचंच लुगडं जरा बाजूला केलं आणि पोटाची कातडी चिमटीत धरली. म्हणाल्या, "आजी, हे एवढं कातडं. सुई ह्याच्या खाली राहते. लेकरू पार आत, भिंतीच्या पलीकडं." आईंनी स्वतः परत परत चिमटी धरून बघितली. मग माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, टोचा.

तुम्ही शिरूरला तुमच्या बेगमखालांच्या घरी आमची सोय करून दोन दिवसांनी गेलात, त्यानंतरचं सांगते. आईंनी पहिल्या दिवशी वेगळी चूल मांडली आणि पाण्याची कळशी स्वतः नदीवरून आणली. सहाव्या का सातव्या सुईला मला ताप चढला, अंग भट्टीसारखं झालं, पोटातलं हलेना. त्या संध्याकाळी खाला आणि आई दोघी माझ्या दोन बाजूंनी बसल्या होत्या. खालांनी चहा केला. आई तो प्यायल्या, आणि कप कुणाचा ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. पहाटेकडं लेकरानं लाथ मारली. आईंचा हात तिथंच होता. उजाडेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

सगळ्या सुया झाल्या. मला आठवा चालू आहे. पोटावर अजून गाठी आहेत, त्यातली लेकराची कुठली आणि सुईची कुठली ते मला हाताला कळतं. मुंग्या आता येत नाहीत. पण डॉक्टर म्हणाले, उशिरा आलात, अजून काही महिने धीर धरावा लागेल, शब्द देता येत नाही.

नर्सबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा रोग वर आला तर माणसाला पाणी गिळता येत नाही, भांडं बघूनच घसा आवळतो. ते मी ऐकलं हे ह्यांना माहीत नाही. तेव्हापासून रोज सकाळी हे तांब्या भरून माझ्यापुढं येतात.  मी पिते, आणि हे माझ्या गळ्याकडं बघत राहतात. तांब्या रिकामा झाला की तो घेऊन गोठ्यात जातात आणि रिकाम्या दावणीपाशी बराच वेळ उभे राहतात. दुपारी आई तांब्या आणतात, संध्याकाळी परत हे. मला तहान असते असं नाही. पण "नको" म्हणायची सोय राहिलेली नाही. ह्या घरात मी एकदा "नको" म्हणाले तर काय होईल ते मला दिसतं, म्हणून पिते.

परवा मात्र खरंच जाईना. पोटातल्यानं जागाच ठेवलेली नाही. शेवटचा घोट घशाशी थांबला. ह्यांचं तोंड पांढरं पडलं. मलाही आत कुठंतरी लक्क झालं, की हेच ते का. मी डोळे मिटले आणि गिळला. मग तांब्या ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, अजून एक भरून आणा.

सरू